पुढची मागे, मागची पुढे

वाटीच्या काठाला चमचा लागला आणि टिंग् असा आवाज झाला. एवढाच. पण सकाळपासून त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यानेही सगळे दचकले. चमचा हातात धरून ठकी तशीच थांबली. आपल्याकडून काही सांडलं तर नाही ना, म्हणून तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"खा गं, वाजला तर वाजू दे," बारकी म्हणाली.

सात वर्षांची पोर. दोन महिन्यांपूर्वी हीच ठकी जेवायला बसली की वाट्या-पेल्यांचा बँड वाजवायची, आणि तिची आई डोळे वटारता वटारता स्वतःच हसायची. आता एक चमचा वाजला तरी तिला माफी मागावीशी वाटत होती. दुसऱ्याच्या घरी राहणारी मुलं अशी होतात. आवाज न करता खातात, न सांगता वाटी विसळून ठेवतात, आणि शहाणी म्हणून त्यांचं कौतुक झालं की मान खाली घालतात.

बारकी ठकीची आत्या. बत्तीस वर्षांची झाली, संसार झाला, नऊ महिन्यांचं लेकरू कडेवर आलं, तरी थोरल्या भावाच्या तोंडी ती बारकीच राहिली आणि मग साऱ्यांच्याच तोंडी. खाली तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान, वर या दोन खोल्या. आज सुट्टी, त्यामुळे खालचं शटर बंद होतं. एरवी हवेच्या यंत्राची धडधड जमिनीतून पायाला लागायची. आज तीही नव्हती.

अकरा वाजता दादा येणार होता. काल फोनवर त्याने मोजकंच सांगितलं होतं, "ठकीचे राहिलेले कपडे आणतो. शाळेचे कागदही आणतो. आता ती तुमच्याकडेच राहू दे, बारके. कायमची."

"आणि तू?"

"माझं काय. माझ्या हाताखाली लेकरू नको. या हातांचा भरवसा नाही आता."

ठकीची आई गेलीच होती. आता बापही स्वतःच्या पायांनी चालत जाणार होता, आणि त्यामागचं खरं कारण साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक बारकी. म्हणून तिने ठरवलं होतं, की आज सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

दादाला सगळे मास्तर म्हणायचे. वीस वर्षं तो लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. अर्ध्या शहराने त्याच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकलेला. मुंगी आडवी गेली तरी मास्तर ब्रेक लावतो, अशी त्याची थट्टा व्हायची. दुकानात आला की मेव्हण्याला चिडवायचा, "तुम्ही नुसती चाकं फिरवता हो, आम्ही डोकी फिरवतो!" आणि टायरवाला, म्हणजे बारकीचा नवरा, टायरमध्ये मान घालूनच उत्तर द्यायचा, "फिरवा फिरवा. फिरलेली डोकी शेवटी गाडी ठोकून आमच्याकडेच येतात."

आता ती थट्टा कुणाला आठवलेलीही चालत नव्हती.

गेल्या वर्षी दादाने हौसेने एक जुनी गाडी घेतली होती. शिकवायची वेगळी, ही घरची. जुनी, पण दमदार. तिचा सगळा जोर मागच्या चाकांना, म्हणून कारखान्यातूनच तिला मागे रुंद टायर आणि पुढे अरुंद. पुढे दोनशे पंचवीस मिलिमीटर, मागे दोनशे पंचावन्न. फरक तीन सेंटिमीटरचा. दोन बोटं म्हणा. लांबून बघणाऱ्याला कळायचाही नाही.

टायरवाल्याने तेव्हा बारकीला नीट समजावलं होतं. चहाच्या दोन कपबशा पुढेमागे ठेवून तो म्हणाला होता, "हे बघ, रुंद टायर म्हणजे जास्त पकड. वळणावर पुढची पकड आधी सुटली तर गाडी वळायला कंटाळते, सरळ जाऊ बघते. माणसाला ते लगेच कळतं. तो ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि गाडी हातात येते. पण मागची आधी सुटली," त्याने मागची कपबशी बोटाने गर्रकन फिरवली, चहा टेबलावर सांडला, "तर शेपूट पुढे यायला बघतं. कळेपर्यंत गाडीचं तोंड आल्या वाटेकडे. आणि तेव्हा घाबरून पाय काढला तर आणखीच वाईट. सगळा भार पुढे जातो, मागचं आणखी हलकं होतं. म्हणून रुंद नेहमी मागे. ही गाडी आली की चाकं पुढची मागे करायची नाहीत. फक्त डावी-उजवी."

"कळलं हो," ती म्हणाली होती. "टेबल पुसा आता."

कळलं होतं. तेच तर होतं. न कळून झालेली चूक माणूस कधीतरी स्वतःला माफ करतो.

दुकानाची एक रीत होती. दर काही महिन्यांनी गाडीची चाकं फिरवायची, म्हणजे पुढची मागे आणि मागची पुढे, म्हणजे चारही सारखी झिजतात. चाकं काढायच्या आधी बारकी खडू घेऊन प्रत्येकावर खूण करायची. दुसरीकडे चाक कुठून काढलं ते लिहितात. ती चाक कुठे जायचं ते लिहायची. पुढच्या चाकावर 'मागे', मागच्यावर 'पुढे'. ही पद्धत तिचीच. टायरवाल्याला ती इतकी सोयीची पडली, की तो डोकं न लावता खडू वाचायचा आणि चाक बसवायचा. गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, "बायकोचं अक्षर आणि माझा पाना, दुकान दोघांवर चाललंय."

त्या दिवशी बाळाला दात येत होते. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. टायरवाला माल आणायला गेला होता आणि तिथून फोनवर म्हणाला, "दादा गाडी सोडून गेलेत. खुणा करून ठेव, मी आलो की बसवतो." बाळ कडेवर, खडू हातात. बाळाने तिचे केस मुठीत धरले होते आणि ते कानाशी किंचाळत होतं. तिने पुढच्या एका चाकावर लिहिलं 'मागे', दुसऱ्यावर 'मागे', मग मागच्यांवर वाकून 'पुढे', 'पुढे'. हात शेकडो गाड्यांना लिहून सरावलेला. हातानेच लिहिलं, डोकं बाळापाशी होतं. दुपारी नवरा आला. तीन गाड्या खोळंबलेल्या, गिऱ्हाईक घड्याळ दाखवतंय. त्याने खडू वाचला आणि चाकं बसवली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. खुशीत होता. "बारके, तुझ्या नवऱ्याने काय जादू केली गं? गाडी एकदम चलाख झालीय, नुसतं बोट लावलं की वळते! फक्त फाटकातून पूर्ण वळवताना पुढे काहीतरी घासल्यासारखं वाटतं."

बाळ रडत होतं. तवा तापला होता. "चाकं बसतील रे जागेवर दोन दिवसांत," ती म्हणाली.

हेही तिनेच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी कालव्याच्या रस्त्याने परत येत होते. थोडं भुरभुरून गेलं होतं, रस्ता ओलसर. वळण ओळखीचं. तिथेच तो शिकाऊ मुलांना गाडी वळवायला शिकवायचा. गाडी गर्रकन फिरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली, वहिनीच्या बाजूने. समोरून कुणी येत नव्हतं, मागून कुणी नव्हतं, दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. तपासणीसाने टायर बघितले. हवा ठीक, नक्षी ठीक, फुटलेला एकही नाही. टायरच्या कडेवरचा आकडा वाकून वाचायचं कुणाला सुचणार? कागदावर लिहिलं गेलं, चालकाचा ताबा सुटला.

टायरवाल्याने मात्र वाकून वाचला. मोडकी गाडी बघून तो घरी आला आणि नळाखाली हात धूत राहिला. बराच वेळ. मग पाठमोराच म्हणाला, "पुढे दोनशे पंचावन्न होते." तेवढंच. बारकीच्या हातातली दुधाची बाटली तशीच कलती राहिली आणि दूध बाळाच्या मानेत जात राहिलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दादा दवाखान्यात, गळ्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. मग नवरा म्हणाला, "सांगून वहिनी येणार आहेत का परत?" मग दादानेच सही करून गाडी भंगारात देऊन टाकली, मला ती दिसायलाही नको म्हणून. एकेक दिवस जात गेला, आणि न सांगितलेली गोष्ट आंबवलेल्या पिठासारखी फुगत गेली.

अकराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली.

दादा दारात उभा राहिला. एका हातात कपड्यांची पिशवी, काखेत कागदांची फाईल. दाढी वाढलेली. शर्टाची गुंडी एक घर चुकलेली. वहिनी असती तर दारातच लावून दिली असती.

"चालत आलास?" बारकीने विचारलं.

"मग काय उडत येऊ?"

चार मैल. तो आता बसमध्येही बसत नव्हता.

ठकी धावत गेली नाही. दोन पावलं गेली आणि थांबली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच खाली घेतला, जणू हात ओला होता. "तुझी निळी वही सापडली गं," तो म्हणाला. "पलंगाखाली होती."

"थँक्यू, बाबा," ठकी म्हणाली.

बापाला थँक्यू! बारकीने चटकन बाळ उचलून तिच्या कडेवर दिलं. "जा बाई, याला आत घेऊन बस थोडा वेळ. तुझ्याजवळ गप्प राहतो तो."

ठकी आत गेली. दार लोटलं गेलं.

टायरवाला खिडकीशी उभा होता. त्याने खुर्ची पुढे सरकवली. दादा तिच्या टोकावर बसला, उठायच्या बेतात असल्यासारखा. फाईल उघडून एकेक कागद काढायला लागला. "हा जन्माचा दाखला. हे लसींचं कार्ड. शाळेला मी पत्र दिलंय. तिला उजव्या कानाला गार हवा लागली की दुखतं, तेवढं लक्षात..."

"दादा, थांब. मला बोलायचंय."

"आधी हे बघून घे."

"दादा, गाडी तुझ्यामुळे फिरली नाही."

त्याने कागद खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. जसं झालं तसं सगळं. बाळाचे दात, खडू, कुठल्या चाकावर काय लिहिलं, काय लिहायला नको होतं. रुंद पुढे गेले, अरुंद मागे आले. पुढची पकड वाढली, मागची उरलीच नाही. बोलताना तिचा आवाज कापत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. सात आठवडे रोज मनात म्हटलेलं होतं, पाढ्यासारखं.

"तू फोन केला होतास आदल्या दिवशी. म्हणालास गाडी चलाख झालीय, वळवताना घासतंय. मी म्हटलं बसतील जागेवर. आठव ना!"

"मला ते दोन दिवस आठवतच नाहीत," दादा म्हणाला. "तुला माहीत आहे. फक्त वळणावरचं थोडं आठवतं. मी पाय काढला होता. वळणावर गाडी हलली आणि मी पाय काढला. वीस वर्षं हेच शिकवतोय, घाबरलात तर पाय काढा." तो स्वतःच्या बुटाकडे बघत होता. "पण काढला असता तर फिरली असती का? म्हणजे काढलाच नसणार. दाबला असणार. लोक तेच सांगतात नंतर, मास्तर, मी तर ब्रेकच दाबला होता!"

"तू काढलास! म्हणूनच फिरली! मागचे टायर अरुंद होते, पाय काढल्यावर मागचं हलकं झालं. तुझं बरोबरच होतं दादा, गाडी चूक होती. मी चूक केली होती. मी लिहिलं..."

"काहीतरीच काय बोलतेस," खिडकीशी उभा असलेला टायरवाला म्हणाला.

बारकीने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती भाऊ गमावणार, आणि ही पोर रोज जिच्या हातचं खाते तिच्याकडे कसं बघेल, हे सगळं त्याला त्या क्षणी दिसलं असावं. त्याने सात आठवड्यांत एकदाही तिला बोल लावला नव्हता. आताही लावला नाही. पुढे आला आणि दादासमोर उभा राहिला.

"हिने बरोबर लिहिलं होतं, दादा. रुंद मागेच लिहिले होते. मी घाईत उलटे बसवले. चूक माझी आहे. हिची नाही."

"अहो!" बारकी ओरडली. "खोटं का बोलताय? मी लिहिलं होतं. सांगा ना!"

"तू बरोबर लिहिलं होतंस."

"मी चूक लिहिलं होतं!"

दादा एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसूच ते, पण हसण्याची सवय मोडलेल्या माणसाचं.

"निदान आधी ठरवून तरी घ्यायचंत," तो म्हणाला.

"काय?"

"कुणी काय सांगायचं ते. एवढं माझ्यासाठी करायला निघालात, आणि एकमेकांचं ऐकलंही नाहीत." तो उठला. बारकीच्या डोक्यावर मात्र त्याने हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. "बारके, तू लहान असताना माझ्या हातून बरणी फुटली की तूच फोडली म्हणून सांगायचीस. मार खायचीस. अजून तशीच वेडी आहेस."

"दादा, हे तसं नाही रे. शप्पथ. हे खरं आहे."

"तेव्हाही शप्पथ घ्यायचीस."

"तुला कसं सांगू मी? गाडी असती तर दाखवलं असतं, टायर असते तर..."

"गाडी नाही ना," दादा शांतपणे म्हणाला. "टायर नाहीत. मला आठवत नाही. तपासणीसाला दिसलं नाही. म्हणजे आता तुम्ही म्हणाल ते खरं. पण मी शेजारी बघितलं होतं, बारके. तिने माझ्याकडे पाहिलं होतं, आता तू सांभाळशील असं. ते एक मला नक्की आठवतं. ते तुमच्या टायरमध्ये कुठे बसतं?"

आता खरं सांगायचं म्हटलं तरी ते तिसरं खोटं ठरलं असतं, हे टायरवाल्यालाही कळलं होतं. एका भल्या माणसाच्या एका वाक्याने सात आठवड्यांचं धैर्य पाण्यात गेलं होतं, आणि त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

दादाने फाईल टेबलावर ठेवली. तिचे कोपरे नीट जुळवले. "कानाला गार हवा," तो पुन्हा म्हणाला. "आणि गणितात घाई करते, तेवढं बघ."

"तिला भेटून तरी जा."

त्याने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं. आतून बाळाचं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ ठकीचं दबक्या आवाजातलं "शू". दादाचं पाऊल तिथेच अडलं.

"हसतायत," तो म्हणाला. "हसू दे. मी गेलो की पुन्हा गप्प होईल ती."

तो जिना उतरायला लागला. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा घट्ट धरून. सत्तरीचा म्हातारा उतरेल तसा. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. बारकी वरच्या पायरीवर उभी होती. हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणून मारायची? तिच्याजवळ देण्यासारखं एकच होतं, आणि ते तिने देऊन झालं होतं. खाली रस्त्यावर एक गाडी गेली, तेव्हा दादा भिंतीला टेकून ती लांब जाईपर्यंत थांबला. मग वळला आणि दिसेनासा झाला.

ती आत आली. टायरवाला खुर्चीवर बसला होता, जिथे आत्ता दादा बसला होता तिथेच.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"माहीत आहे तुम्हाला काय वाटलं."

"मी जातो त्याच्यामागे. खरं सांगतो."

"कुठलं?" ती म्हणाली. तिने रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

तो उठला नाही.

दार किरकिरलं. ठकी बाहेर आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. एवढ्या लहान पोरीला ते जड होत होतं, पण तिने त्याच्या मानेखाली हात बरोबर धरला होता, बारकी धरते तसा. तिने जिन्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं तर तिथे काका बसला होता, मग टेबलावरच्या फाईलकडे पाहिलं. बाळाला पाळण्यात ठेवलं, दुलई ओढली, आणि येऊन आत्याच्या समोर उभी राहिली. डोळे कोरडे होते. गणित सोडवताना असतात तसे.

"मला आतून सगळं ऐकू आलं," ती म्हणाली.

बारकी खाली बसली. पोरीच्या उंचीला आली. तिचे दोन्ही दंड धरले.

"आत्या," ठकीने विचारलं, "ते चाकांचं तू खरं सांगितलंस, की बाबांना बरं वाटावं म्हणून?"